पहिल्या ट्रान्झिस्टरातलं भूत

सोमवार, ४ ऑक्टोबर १९९३. सुराबाया

हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबात आज अकलेचा बाजार भरला होता, आणि माल सगळा सडका.

विषय असा: शॉर्टवेव्ह रिसीव्हरच्या तोंडाशी, अँटेनाची तार आत शिरते तिथेच, आलेला बारीक आवाज मोठा करायला जो छोटा प्रीअँप्लिफायर बसवतात, त्यात ट्रान्झिस्टर कुठला घालावा. बंदराच्या रेडिओ केंद्रात मी उभी हयात हेच केलं. पण मला विचारतो कोण! अध्यक्ष लुक्मान, वडीलधारे म्हणून सगळ्यांचे पाक लुक्मान, म्हणाले, "जपानी घ्या." जपानी म्हणजे काय, मासळी आहे? दुसऱ्याने अक्कल पाजळली की ज्याचा गेन जास्त, म्हणजे जो आवाज जास्त फुगवतो, तो उत्तम. मग आमचे शेजारी बोलले.

शेजारी म्हणजे चाक दार. नाव दार्माजी, पण सगळं गाव त्याला चाक, म्हणजे दादा, म्हणतं आणि तो ते पदवीसारखं मिरवतो. कोळंबीचे क्रुपुक, म्हणजे पापड, तळून विकतो. चार पैसे आले तशी तयार रेडिओ यंत्रं आणली आणि घराच्या दुप्पट उंचीचा अँटेनाचा मनोरा उभा केला. मला म्हणतो कसा, "पाक विर, कुठलाही घ्या हो, पण ताजा घ्या. शिळा ट्रान्झिस्टर मऊ पडतो." सगळे हसले. याला वाटतं ट्रान्झिस्टरसुद्धा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा असतो!

उथळ पाण्याला खळखळाट फार. हा इसम रोज ऊन कललं की शॉर्टवेव्हच्या चाळीस मीटरच्या पट्ट्यावर बसून बडबडतो. कुणाशी, कशाबद्दल, देव जाणे. त्याचा आवाज लागला की मी बटण फिरवतो. आजवर त्याचं एक वाक्य पुरं ऐकलेलं नाही.

पण बटण फिरवून जायचं कुठे? मला हवी ती जागा, म्हणजे फ्रिक्वेन्सी, त्याच्या थोडी वर आहे आणि तिथेही त्याचंच भूत. आवाज त्याचा, पण चुरगळलेला, एक शब्द कळेल तर शपथ. मागे कुठल्यातरी परदेशी केंद्राचं संगीत कण्हत असतं. एका यंत्रातून दोन ठिकाणी घाण! लहरींवर शिस्त राखायच्या समितीचा सचिव मी आहे. तक्रार लिहायला घेतली.

ती जागा मला का हवी, ते लिहायची गरज नाही. पूर्वेकडची केंद्रं तिथे बरी लागतात.

बुधवार, ६ ऑक्टोबर

गेंतेंग बाजारात गेलो. कोह लियाँगचं दुकान. कोह म्हणजे चिन्यांचा दादा. या शहरात दादा फार, माणसं कमी. त्याच्याकडून बीएफ९८१ घेतले: चार पायांचे, कोळ्यासारखे, स्वतःची खरखर जवळजवळ शून्य. कागदावर याच्याइतका तीक्ष्ण कानाचा ट्रान्झिस्टर नाही. आहे तो काढून हा बसवणार. सूक्ष्मातला सूक्ष्म आवाज धरायचा तर कान तीक्ष्णच हवा, हे शेंबडं पोरही सांगेल. क्लबातले सांगणार नाहीत.

कोह लियाँग म्हणाला, "पाक विर, इतकं बारीक ऐकून करणार काय? दोन वर्षांत तुम्ही माइक हातात धरला नाही म्हणतात."

"बोलायच्या लायकीचं आहे कोण?" मी म्हटलं.

"ऐकायच्या लायकीचं आहे ना कुणीतरी?"

दुकानदारांनी दुकान सांभाळावं.

शनिवार, ९ ऑक्टोबर

नवा प्रीअँप्लिफायर लावला. भूत दुप्पट माजलं. आता तर त्याच्या खोकल्याचंही भूत ऐकू येतं. म्हणजे उघड आहे, माझा कान जितका चांगला होतो तितकी त्याची घाण जास्त दिसते. तक्रारीला हा मुद्दा जोडला.

घरातही स्वस्थता नाही. लास्मिनी, माझी बायको, रोज दुपारी झाकलेली बशी घेऊन चाक दारच्या घरी जाते. ऐन माझ्या ऐकायच्या वेळेला. कधी क्लेपोनचे गोड लाडू, कधी केळ्याची भजी. विचारलं तर म्हणते, "बू टुटिकला क्रुपुक वाळवायला हात लावते." इथे प्रत्येक बाई बू, म्हणजे इबू, आई; पण चाक दारच्या बायकोला आजवर कुणाच्या हाताची गरज पडली नव्हती. आणि परत येते ती डोळे लाल करून. म्हणते, तेलाचा धूर. पण चेहरा हसरा. धुराने माणूस खूश झालेला मी प्रथमच पाहतो.

आज तिने पेटीतलं बाटिक काढून उन्हात घातलं. आमच्या लग्नातलं. नेसायचं ते लग्नातच, थोरांच्या गुडघ्यावर डोकं टेकवून आशीर्वाद मागतात तेव्हा.

"कुणाचं लग्न काढलंस?" मी म्हटलं.

"कसर लागेल म्हणून काढलं." मग सुरकुती सारखी करत, "पाक, समजा कुणी आशीर्वाद मागितला तर तुम्ही द्याल?"

"मागणारा दारात येऊ दे आधी."

"आणि दारात येता येत नसेल तर?"

"मग गरज नसेल त्याला."

तिने बाटिक झटकलं. इतक्या जोरात झटकायची काही गरज नव्हती. जेवताना म्हणते, डोबोला विहिरी आटल्यात म्हणे. कोण म्हणे? बोट महिन्यातून एकदा जाते, टपाल आलेलं नाही. बायका हवेतून बातम्या काढतात.

आमचा मुलगा विबिसोनो दूर पूर्वेला, डोबो बंदराच्या पलीकडच्या बेटावर मास्तर आहे. रामाच्या बाजूला गेलेल्या बिभीषणाचं नाव मीच ठेवलं होतं, हौसेने. त्याने ते खरं करून दाखवलं. टेलिफोन खात्यातली लागलेली नोकरी सोडून बेटावर पोरं शिकवायला गेला. जाताना स्वतः जोडलेला पाच वॉटचा ट्रान्समीटर घेऊन गेला. काडेपेटी नुसती! म्हणाला, रोज ऊन कललं की आपल्या जुन्या जागेवर हाक मारीन. मी म्हटलं, हा आवाज बंदराबाहेरही जायचा नाही. खरं तेच बोललो. तंत्राच्या गोष्टीत मी कुणाची भीड ठेवत नाही.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

लाज वाटते, पण लिहितो.

चाक दारला आकड्यांनी चीत करायचं म्हणून एक प्रयोग केला. अँटेना आणि प्रीअँप्लिफायरच्या मध्ये तीन रेझिस्टरांची जाळी घातली. तिने येणारं सगळंच सारख्या प्रमाणात मंद व्हायला हवं. भूत जर खरोखर त्याच्या मनोऱ्यावरून येत असेल, तर त्याचा मूळ आवाज जितका उतरेल तितकंच भूतही उतरेल. हा पुरावा तक्रारीला जोडायचा आणि सह्या घ्यायच्या.

मूळ आवाज थोडा उतरला. भूत साफ गेलं.

जाळी काढली, आलं. घातली, गेलं. पुन्हा पुन्हा केलं. लास्मिनी घरी नव्हती ते बरं.

याचा अर्थ एकच होतो आणि तो मी बंदरात उमेदवारांना शिकवत असे. भूत बाहेर नाहीच. चाक दारचा दांडगा आवाज आणि ते परदेशी केंद्र, दोघे एकदम माझ्या पहिल्या ट्रान्झिस्टरात घुसतात. त्या तीक्ष्ण कानाच्या नाजूक किड्याला ते पेलत नाही, तो दोघांचा लगदा करतो आणि तिसऱ्याच जागी ओकतो, जिथे मुळात कुणीच बोलत नसतं. मी ज्याला त्याची घाण म्हणत होतो ती माझ्या टेबलावर, माझ्याच हाताने, माझ्याच सोल्डरने तयार होत होती. काखेत कळसा नि गावाला वळसा. गाढवालाही पाठीवर काय लादलंय ते कळतं.

आणि तीक्ष्ण कान हवाच कशाला होता? या दिवसांत आकाशच इतकं कडकडतं की ट्रान्झिस्टरची स्वतःची खरखर त्यात कुणाला ऐकू येणार? समुद्रकाठी उभं राहून कुजबुज मोजायची हौस! इथे हवा कणखर ट्रान्झिस्टर, भरपूर करंट पिणारा, दांडगटांनी धक्का दिला तरी ढिम्म न हलणारा. क्लबातल्या मूर्खांना हे ठाऊक नाही, ठीक आहे. मला ठाऊक होतं आणि मी विसरलो, याला काय म्हणायचं?

बाटिक पेटीत नाही. लास्मिनी म्हणते, इस्त्रीला दिलंय.

बुधवार, १३ ऑक्टोबर

तक्रार मागे घ्यावी का?

पाक लुक्मानना सांगावं लागेल की चूक माझी. चाक दार येऊन पाठ थोपटेल. "होतं हो पाक विर, होतं असं!" नको.

शिवाय तक्रारीत दुसरं कलमही आहे. पाक लुक्माननी स्वतः सांगितलं की चाक दारच्या यंत्रावरून कधी कधी एका बाईचा आवाज जातो. परवाना नसलेली बाई, माइकवर! असेल त्याची बायको, क्रुपुकचे भाव सांगत. हे कलम तर खोटं नाही ना? मग राहू दे तक्रार.

गुरुवार, १४ ऑक्टोबर

पुन्हा गेंतेंग. या वेळी २एन५१०९. धातूच्या टोपीतला गलेलठ्ठ ट्रान्झिस्टर, केबल टीव्हीच्या अँप्लिफायरमध्ये असतो तो. एकाच वेळी ढीगभर चॅनेलं अंगावर घेतो आणि कुणाची कुणात मिसळ होऊ देत नाही.

पण खरा मिळेल तर ना! थिनरचा बोळा फिरवला की निम्म्यांवरची अक्षरं पुसली जातात. खाली भलतंच नाव. कुणा चोराने स्वस्तातला माल घासून वर हे नाव छापलंय. जे थिनरला टिकले त्यातल्या प्रत्येक पुडक्यातला एक मी कानशीने टोपी कापून उघडला आणि भिंगातून पाहिला. खऱ्याच्या पोटात फणीसारखे बारीक दाते असतात, करंट सगळीकडे सारखा वाटणारे. खोट्याच्या पोटात नुसता ठिपका. शेवटी एका धुळकट पुडक्यात दाते दिसले.

कोह लियाँग कपाळाला हात लावून बघत होता. "पाक, बायको निवडतानाही इतकं पाहिलं नसेल तुम्ही."

"बायको आईने निवडली. म्हणून चांगली निघाली."

"मग तिला सांगा ना, कशासाठी एवढं चाललंय ते. ती बिचारी..." आणि तो एकदम दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. सगळ्या गावाला माझ्या घरची काळजी!

रविवार, १७ ऑक्टोबर

क्लबाची बैठक. तक्रार वाचली. माझाच आवाज होता, खणखणीत. निर्णय झाला: दार्माजी यांनी यंत्राची तपासणी होईपर्यंत प्रसारण बंद ठेवावं. आजपासून.

वाटलं होतं, भांडेल. भांडला नाही. उभा राहिला, टोपी हातात. "यंत्र तपासा, जप्त करा, मला काही कळत नाही त्यातलं. पण एक आठवडा द्या. पुढच्या रविवारी मी स्वतः मनोरा उतरवतो."

"का? एका आठवड्यात असं काय अडलंय?" पाक लुक्माननी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. हा माणूस बोलायचं थांबू शकतो हे मला माहीत नव्हतं. मग म्हणाला, "शब्द दिलाय एका माउलीला. सांगता यायचं नाही. पाक विर, तुम्ही म्हणालात तर सगळे ऐकतील. एक आठवडा."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला माहीत होतं की त्याच्या यंत्रात दोष नाही. मला एकट्यालाच माहीत होतं.

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो.

गोड वाटलं. फार वेळ नाही टिकलं, पण वाटलं.

मंगळवार, १९ ऑक्टोबर

लास्मिनी शेजारी जात नाही. भाताला मीठ नाही, रावोनचा रस्सा करपलेला, माझ्याशी शब्द नाही. विचारलं, "क्रुपुक वाळवायचे संपले वाटतं?"

"आता कशाला जाऊ तिकडे?" म्हणाली आणि ओढणीने डोळे पुसले. आज तर कुठे तेलही तापलेलं नव्हतं.

म्हटलं, "एवढं काय? तुला बडबडच ऐकायची तर मी आहे."

"तुम्ही बडबडत असता तर काय हवं होतं, पाक!"

प्रीअँप्लिफायर जवळजवळ पुरा झाला. उष्णता निघून जायला ट्रान्झिस्टरला चांदणीसारखी पत्र्याची टोपी घातली, तरी बोट ठेववत नाही इतका तापतो. तापू दे. कणखरपणा फुकट मिळत नाही.

भूत नाही. पण ते जाणारच होतं, चाक दारच नाही तर भूत कुठलं! आता मी कसं सिद्ध करणार की माझा ट्रान्झिस्टर चांगला आहे? जुन्या जागेवर बसून राहिलो. लख्ख शांतता. कुणीही नाही. भूत होतं तोवर म्हणता येत होतं की त्याच्याखाली कुणीतरी असेल.

गुरुवार, २१ ऑक्टोबर

आधी ठरलं ते लिहून टाकतो, म्हणजे उद्या शेपूट घालता येणार नाही. सकाळी चाक दारच्या दारात जायचं. मग त्याला बरोबर घेऊन पाक लुक्मानकडे. सगळ्यांसमोर सांगायचं की भूत माझ्या यंत्रात होतं आणि तक्रार वाचली तेव्हा मला ते ठाऊक होतं. नालायक हा शब्द मी आजवर बऱ्याच जणांसाठी वापरला. तो आता माझ्याकडे राहू दे.

झालं असं. ऊन कललं तसा मी रिसीव्हर लावला आणि मुद्दाम चाक दारच्या जागेवर गेलो. बंदी पाळतो की नाही ते बघायला. हो, तेवढ्यासाठीच गेलो. आयुष्यात प्रथम त्या जागेवर बटण न फिरवता थांबलो.

आकाश कडकडत होतं. कडकडाटाच्या मधल्या फटींतून एक बारीक आवाज येत होता.

"चाक दार, चाक दार. डोबोकडून सोनो. ऐकू येतंय का? ओव्हर."

मी हललो नाही.

"चाक दार, सोनो बोलतोय. चार दिवस झाले, तुमचा आवाज नाही. यंत्र बिघडलं असेल तर निदान ऐकत असाल म्हणून बोलतो. इबूला सांगा, बाटिक काल बोटीने पोचलं. लग्न शनिवारीच. मुलीच्या घरचे विचारतात, तुझ्या बापाकनी आशीर्वाद दिला का. इबू म्हणाली होती, या आठवड्यात विचारते. नसेल दिला तरी मी रागावलेलो नाही, त्यांनाही तसं सांगा. फक्त इबू माझ्यासाठी खोटंच हो म्हणेल. तिला तसं म्हणू देऊ नका. ओव्हर."

पाच वॉट. काडेपेटी. एकेक शब्द स्वच्छ. माझ्या त्या तापलेल्या ट्रान्झिस्टरातून एकेक शब्द.

कुणाशी बोलत होता हा चाक दार रोज, ते मी एकदाही ऐकलं नाही. जो आवाज शोधायला मी कानशी चालवत होतो, तो शेजारच्या घरात बशीभर भज्यांसोबत रोज येत होता. आणि मी तो नियमाने बंद करून आलो. धिक्कार असो माझ्या कानांचा.

लास्मिनी दारात उभी होती. कधीपासून, ठाऊक नाही. माझ्या ट्रान्समीटरवरचं फडकं तिनेच उचललं. दोन वर्षांची धूळ.

तो पुन्हा हाक मारत होता. "चाक दार, चाक दार..." माझं नाव नाही. का असेल?

माइक धरला. बटण दाबलं. म्हणालो, "हे चाक दारचं केंद्र नाही."

पलीकडे नुसता कडकडाट.

"तुझा सिग्नल कमजोर आहे," मी म्हणालो. सवयीने तेच तोंडात आलं. "पण पोचतोय. सोनो, पोचतोय. ओव्हर."

मग, "बापाक?" आणि नंतर, लहानपणी विचारायचा तसं, "ट्रान्झिस्टर कुठला लावलाय?"

मी सांगितलं. हसला असावा, कडकडाटात नीट कळलं नाही. कमजोर सिग्नलवर महत्त्वाचा शब्द तीनदा म्हणायचा असतो, हा धडा त्याला मीच दिला होता. म्हणालो, "आशीर्वाद. आशीर्वाद. आशीर्वाद." डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलंही नाही. मग म्हणालो, "खोटं नाही. मी स्वतः बोलतोय. सुनेलाही सांग. ओव्हर."

तो रडत होता. तेही स्वच्छ ऐकू आलं.

लास्मिनीने खांद्याला धक्का दिला. "सरका आता. मला विचारायचंय, तिथे जेवणाचं कोण बघतंय."

तिच्याकडे परवाना नाही. मी माइक तिच्या हातात दिला आणि बटण कुठे दाबायचं ते दाखवायला गेलो. तिला माहीत होतं.